वादळाचा फंड उरलाय, आता काय करू?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की चक्रीवादळानंतर पहिल्या महिन्यात सगळे देतात आणि तिसऱ्या वर्षी फोन उचलायलाही कोणी नसतं, तर त्यावर शार्लटपासून दिवेआगरपर्यंत मेल आले. म्हणून या वेळी होम लोन, मृत्युपत्र, सासूबाईंची एफडी हे सगळं बाजूला ठेवून फक्त हाच विषय. काही पत्रं फार लांब होती ती कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही शार्लटला असतो, नॉर्थ कॅरोलिना. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळ आलं तेव्हा आमच्या मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात अ‍ॅशव्हिलकडच्या लोकांसाठी पैसे जमवले, पाणी ब्लँकेट जनरेटर गाड्या भरभरून नेऊन दिले. त्यातले साधारण १८ हजार डॉलर अजून खात्यात पडून आहेत. कमिटीत भांडणं चालू आहेत, अर्धे म्हणतात वादळ होऊन गेलं आता गणपतीच्या खर्चात वळवू, अर्धे म्हणतात एखाद्या मोठ्या संस्थेला चेक देऊन मोकळे होऊ. तुमचं मत?
(मंडळाचे खजिनदार, शार्लट)

उत्तर : गणपतीत वळवायचं डोक्यातून काढून टाका. लोकांनी हेलेनसाठी म्हणून दिलेत ना पैसे, मग ते हेलेनलाच जायला पाहिजेत, तुमचं मंडळ ५०१ सी ३, म्हणजे अमेरिकेत करसवलत असलेली धर्मादाय संस्था, असेल तर कायद्यानेही तेच आहे. आणि खरं सांगू का, पैसे उरले म्हणून तुम्ही ओशाळल्यासारखं लिहिलंय पण उलट तुमच्याकडे आत्ता जी गोष्ट आहे ती त्या भागात फार कमी लोकांकडे आहे, म्हणजे उशिराचा पैसा.

तिकडे काय झालं ते थोडं आठवा. २६ सप्टेंबरच्या रात्री वादळ फ्लोरिडात किनाऱ्याला लागलं आणि दुसऱ्या दिवशी शेकडो मैल आत डोंगरात पाणी असं काही आलं की अ‍ॅशव्हिल शहराला पिण्याजोगं नळाचं पाणी परत यायला ५३ दिवस लागले. राज्याने नुकसानीचा अंदाज काढला तो जवळजवळ ६० अब्ज डॉलर. आता फेमाकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याकडून, एका कुटुंबाला घरासाठी त्या वेळी जास्तीत जास्त ४२,५०० डॉलर मिळू शकत होते आणि जास्तीत जास्त म्हणजे बहुतेकांना त्याहून पुष्कळ कमी. खरी घरबांधणीची मोठी रक्कम येते ती संसदेने वेगळा कायदा करून, मग ती हाऊसिंग खात्यातून राज्याकडे, राज्य प्लॅन करणार, तो मंजूर होणार, मग अर्ज. हेलेनच्या बाबतीत संसदेने डिसेंबर २०२४ ला पैसे मंजूर केले, नॉर्थ कॅरोलिनाच्या वाट्याला साधारण १.४ अब्ज डॉलर आले, आणि घरदुरुस्तीचे अर्ज घेणं सुरू झालं जून २०२५ मध्ये. अर्ज हां, बांधकाम नाही. आणि हे तिकडच्या हिशोबाने फास्ट!

आणि लोकांच्या देणग्या कधी येतात? टीव्हीवर चित्रं असतात तोवर. बहुतेक पैसा पहिल्या दोन महिन्यांत येतो आणि पाच-सहा महिन्यांनी आटतो, हे दर वादळात तसंच्या तसं होतं. म्हणजे सरकारी पैसा उशिरा, देणगी लवकर, आणि मधली दीड-दोन वर्षं त्या माणसाने ट्रेलरमध्ये किंवा भावाच्या बेसमेंटमध्ये काढायची.

त्या मधल्या काळात काम कोण करतं तर काऊंटीवार (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) लाँग टर्म रिकव्हरी ग्रुप असतात, चर्च, स्थानिक संस्था, कम्युनिटी फाऊंडेशन सगळे एकत्र येऊन चालवतात. यांची एक बैठक असते, तिथे केस मॅनेजर एकेक कुटुंबाची फाईल मांडतो : विधवा बाई, वय ७१, विमा नव्हता, फेमाचे मिळाले ते संपले, छप्पर झालंय पण फर्नेस (घर तापवायची भट्टी) आणि भिंतींतलं इन्सुलेशन राहिलंय, अमुक इतके डॉलर कमी पडतात. मग टेबलावरचा एक म्हणतो सामान आमच्याकडून, दुसरा म्हणतो आमचे स्वयंसेवक सुतार येतील, तिसरा म्हणतो उरलेले पैसे आम्ही. तुमचे १८ हजार डॉलर या टेबलावर गेले तर एखाद-दोन घरं पूर्ण होतात, आणि तेच एखाद्या राष्ट्रीय संस्थेच्या समुद्रात टाकले तर पावती येते फक्त.

डोंगराकडची अजून एक भानगड तुम्ही गाडी घेऊन गेलात तेव्हा बघितलीच असेल. घर ओढ्याच्या पलीकडे, आणि ओढ्यावरचा छोटा पूल घरमालकाचा स्वतःचा. तो वाहून गेला. घराला एक ओरखडा नाही पण अँब्युलन्स पलीकडे जात नाही, प्रोपेनचा टँकर जात नाही, आगीचा बंब जात नाही. खासगी रस्ता म्हणून काऊंटी हात लावत नाही आणि फेमाचे पैसे त्या पुलाला पुरत नाहीत. मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस या ख्रिस्ती स्वयंसेवकांच्या संस्थेसारख्या संस्था तिथे असे पूल बांधत आल्यात. अशा एका पुलाला तुमचा वाटा द्यायचा का हे कमिटीला विचारा, मला वाटतं भांडण तिथेच मिटेल कारण फोटोपण छान येईल (मंडळांना फोटो लागतो, मला माहितीये).

दोन गोष्टी सांभाळा. एक, कुटुंबाच्या हातात थेट रोख देऊ नका, केस मॅनेजरला विचारून द्या. सरकारी मदत ज्या कामासाठी मिळणार त्याच कामासाठी आधी कुणी देणगी दिली असेल तर सरकार तेवढी रक्कम कापतं, म्हणजे तुमच्या मदतीने त्या बाईचं नुकसान व्हायचं. कुठला खर्च कुणी कधी उचलायचा हा क्रम त्या टेबलावर नीट लावतात. दोन, थेट द्यायचंच ठरलं तर गरज कशी तपासली, कोणाला किती दिले, हे लिहून ठेवा, आणि फक्त मंडळाच्या सभासदांच्या ओळखीतल्यांना दिलं असं होऊ देऊ नका, धर्मादाय म्हणून ते टिकत नाही.

प्रश्न : मी अशाच संस्थेला पैसे देतो जी म्हणते की १०० टक्के रक्कम थेट पीडितांपर्यंत जाते. बाकीच्या पगारावर उडवतात. बरोबर आहे ना?
(वाचक, ठाणे)

उत्तर : नाही बरोबर. वर ज्या केस मॅनेजरचं सांगितलं त्याला पगार लागतो. फेमाने नाही म्हटलं तर ६० दिवसांत अपील करायचं असतं, कॉन्ट्रॅक्टरचं एस्टिमेट जोडायचं असतं, विम्याचं नकाराचं पत्र जोडायचं असतं, आणि हे सगळं घर गमावलेल्या माणसाने लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसून करायचं. तिथे शिकलेलं माणूस शेजारी बसलं तर कुटुंबाला हजारो डॉलर जास्त मिळू शकतात. त्या माणसाचा पगार म्हणजे उडवणं असेल तर उडवू दे की. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या बाटल्या वाटताना तुमची १०० टक्केवाली आयडिया चालून जाते, दुसऱ्या वर्षी नाही चालत. आणि १०० टक्के म्हणणाऱ्यांचा ऑफिसखर्च दुसरा कोणीतरी देणगीदार भरत असतो, तो कुठे गायब होत नाही.

प्रश्न : ब्रॅड पिटने न्यू ऑर्लिन्सला घरं बांधली होती ना कॅटरिनानंतर? तसे आपल्याकडचे स्टार का करत नाहीत?
(वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्याचं पुढे काय झालं ते ऐका आधी. कॅटरिना २९ ऑगस्ट २००५ ला. लोअर नाइन्थ वॉर्ड म्हणून काळ्या कष्टकरी लोकांची वस्ती, धरणासारखी भिंत फुटून अख्खी धुऊन गेली. २००७ मध्ये पिटने मेक इट राइट ही संस्था काढली, दीडशे घरं बांधायची, जगातले नामांकित आर्किटेक्ट बोलावले, पर्यावरणपूरक, सोलर, सगळं एकदम मॅगझिनमध्ये येईल असं. माणसाचा हेतू चांगला होता, मी त्यावर शंका घेत नाही. १०९ घरं झाली. पण न्यू ऑर्लिन्स म्हणजे धो धो पावसाचं, दमट गाव, आणि काही घरांना सपाट छप्पर, वळचण नाही, पन्हळ नाही! आपल्या कोकणातल्या कुठल्याही गवंड्याने बघूनच डोक्याला हात लावला असता. एक नव्या प्रकारचं लाकूड वापरलं होतं ते कुजलं. गळती, बुरशी, वायरिंगच्या तक्रारी, आणि घरं फुकट नव्हती बरं का, लोकांनी कर्ज काढून घेतली होती. २०१८ मध्ये रहिवासी कोर्टात गेले. २०२२ मध्ये २०.५ मिलियन डॉलरची तडजोड जाहीर झाली, पैसे दुसरी एक संस्था देणार होती, ते आलेच नाहीत.

माझ्या मते इथली गडबड अशी की घर बांधायला पैसे होते पण बांधून झाल्यावर दहा वर्षं छप्पर कोण बघणार याला पैसेही नव्हते आणि माणूसही नव्हतं.

दुसरं उदाहरण ह्यूस्टनचं. ऑगस्ट २०१७, हार्वी. पाऊस इतका की टेक्सासमध्ये एका ठिकाणी ६० इंचांच्या वर मोजला, म्हणजे दीड मीटर पाणी आकाशातून चार-पाच दिवसांत. तिथल्या फुटबॉल टीमचा खेळाडू जे. जे. वॉट याने ऑनलाइन २ लाख डॉलर जमवू म्हणून सुरुवात केली आणि जमले ४१.६ मिलियन. आता हा माणूस हुशार निघाला. त्याने स्वतः काही बांधायला घेतलं नाही. घरदुरुस्तीचे पैसे एसबीपी नावाच्या संस्थेसारख्यांना दिले, जी संस्था कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्सच्या शेजारी सुरू झालेली, म्हणजे हेच काम दहा-अकरा वर्षं करून हात बसलेले लोक. आणि मोठा हिस्सा पाळणाघरं परत उघडायला. पाळणाघर का? कारण ते बंद असेल तर आई कामावर जाऊ शकत नाही, कामावर गेली नाही तर घराचे हप्ते थांबतात, आणि वादळातून वाचलेलं घर बँकेकडे जातं. हे कोणाच्या डोक्यात लवकर येत नाही, ब्लँकेट येतं.

तेव्हा आपल्या स्टारांनी करावं जरूर, पण वॉटसारखं.

प्रश्न : ह्यूस्टनच्या हार्वीत आमच्या भाच्याचं घर बुडालं होतं, त्याने सांगितलं की भिंती चार फुटांवर कापून काढल्या. ही काय पद्धत? आणि एवढी मदत येऊन एवढा वेळ का लागतो?
(आजोबा, नाशिक)

उत्तर : आजोबा, तिकडे भिंती विटांच्या नसतात, लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड, त्याला ते शीटरॉक म्हणतात. एक बोर्ड चार फूट रुंद, आडवा लावतात. पाणी दोन फूट चढलं तरी ते आतून वर ओढलं जातं, म्हणून चार फुटांची खालची अख्खी पट्टी काढून टाकतात, आतला ओला कापूस काढतात, लाकूड वाळवतात, वाळलं का ते मशीनने मोजतात, मग नवीन बोर्ड. हे उसकटण्याचं काम स्वयंसेवक दोन दिवसांत करतात, त्याला लई हात मिळतात. परत लावण्याचं काम मात्र महिनोन् महिने, कारण त्याला कारागीर लागतो, सामान लागतं, परमिट लागतं, आणि तेव्हा स्वयंसेवक आपापल्या घरी गेलेले असतात.

ह्यूस्टनचे मेयर आणि काऊंटी जज (नावाला जज, खरं तर काऊंटीचा कारभारी) यांनी मिळून जो हार्वी रिलीफ फंड काढला त्यात ११.४ कोटी डॉलरच्या वर जमले, ते ग्रेटर ह्यूस्टन कम्युनिटी फाऊंडेशनकडे ठेवले आणि एकदम न वाटता टप्प्याटप्प्याने दिले. तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, पैसे दाबून बसलेत म्हणून. मला विचाराल तर टप्पे केले हेच बरोबर केलं. शिव्या घालायच्याच तर हप्ते कधी आणि कोणाला हे आधीच नीट का सांगत नाही म्हणून घालाव्यात.

प्रश्न : आमची दिवेआगरला नारळ-सुपारीची वाडी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सगळी आडवी झाली. महिनाभर किटं आली, तांदूळ, डाळ, ताडपत्री, मग कोणी फिरकलं नाही. तुम्ही अमेरिकेचं लिहिता, त्याचा आम्हाला काय उपयोग?
(एक वाडीवाला)

उत्तर : अमेरिकेच्या मेनलँडचा फार नाही, पण पोर्तो रिकोचा आहे. ते बेट आहे अमेरिकेच्या ताब्यातलं, डोंगर, केळी, कॉफी, आणि जमिनी आजोबा-पणजोबांच्या नावावर. ओळखीचं वाटतंय ना?

२० सप्टेंबर २०१७ ला तिथे मारिया आलं. बेटावरची वीज पूर्ण परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. मृतांचा आकडा आधी सरकारने ६४ सांगितला आणि नंतर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर २,९७५ मान्य केला, कारण बरीच माणसं वादळात नव्हे, नंतर विजेवाचून, डायलिसिसवाचून गेली. आणि फेमाकडे अर्ज केले तर हजारोंना नकार, का तर घर तुमच्या नावावर असल्याचा कागद नाही. घर बापाने बांधलेलं, बाप गेला, सहा भावंडं, दोन न्यूयॉर्कला, वारसनोंद कोणी केलीच नाही. तुमच्याकडे सामाईक सातबाऱ्यावर अकरा नावं आणि संमतीपत्रावर सही करायला मुंबईचा चुलता येत नाही, हाच प्रकार.

तिथल्या मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांनी काय केलं, त्यांनी फेमाशी भांडून एक साधं प्रतिज्ञापत्र मान्य करून घेतलं की मी इथे राहतो आणि घर माझं आहे. २०२१ मध्ये फेमाने मालकीच्या कागदांचे नियम सगळ्या देशासाठीच सैल केले. बघा, देणगीचे जे पैसे वकिलांवर गेले त्यातून एकही पत्रा विकत घेतलेला नाही, पण सरकारी तिजोरीचं दार किती कुटुंबांना उघडलं. तुमच्या तालुक्यात कोणी मोठी कंपनी सीएसआर घेऊन आली तर त्यांना सांगा, पुढच्या वादळाआधी गावातल्या वारसनोंदी करून देणारा एक वकील आणि एक जमिनीचं काम जाणणारा माणूस दोन वर्षं बसवा.

दुसरी गोष्ट आदहुन्तास गावची. डोंगरातलं गाव, तिथे कासा पुएब्लो म्हणून १९८० पासूनची संस्था, गुलाबी रंगाचं जुनं घर, तांब्याच्या खाणीविरुद्ध लढून उभी राहिलेली, स्वतःची कॉफी विकून खर्च चालवते. त्यांच्या छपरावर सोलर होतं त्यामुळे मारियानंतर अंधारात तेवढं एक घर चालू, लोक तिथे फोन चार्ज करायला, श्वासाची मशीन लावायला यायचे. त्यांनी १४ हजार सोलर दिवे वाटले. पण दिवे वाटून थांबले नाहीत. पुढची पाच-साडेपाच वर्षं पैसे जमवत जमवत, त्यात होनोल्ड फाऊंडेशन या गिर्यारोहकाच्या संस्थेचा मोठा वाटा, मार्च २०२३ मध्ये चौकातल्या डझनभर दुकानांना जोडणारी सोलर ग्रिड सुरू केली, औषधाचं दुकान आणि बेकरीसुद्धा त्यात. दुकानदारांची संघटनाच ती बघते, वीज विकते, त्या पैशात देखभाल होते. मधेच सप्टेंबर २०२२ ला फिओना वादळाने अख्खं बेट परत अंधारात गेलं तेव्हा गावात आधी बसवलेली सोलरची ठिकाणं चालू राहिली. पाच वर्षं थांबणारा देणगीदार मिळाला म्हणून हे झालं, नाहीतर दिव्यांवरच काम संपलं असतं.

तुमच्या वाडीला हे लावून बघा. निसर्गनंतर भरपाई हेक्टरी ५० हजार, म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये, दहा गुंठ्यांची वाडी असेल तर ५ हजार. पडलेली झाडं कटर लावून तोडून बाहेर काढायलाच त्याच्या कितीतरी पट मजुरी. आणि सुपारीचं रोप धरायला सहा-सात वर्षं, म्हणजे २०२० ला लावलेलं आत्ता कुठे धरतंय. त्या सहा वर्षांत वाडीत मिरी, जायफळ, केळ यांची रोपं, पाण्याची सोय आणि दरवर्षी थोडी मजुरी, असा सहा वर्षं चालणारा छोटा फंड कोणी दिला असता तर किटांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडला असता. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपांसाठी तिकडे जाऊन बसावं लागतं, पण जमतं. किटं आणणाऱ्यांवर मी टीका नाही करत, तेव्हा त्यांची गरजच होती. फक्त सगळ्यांनीच किटं आणली.

प्रश्न : मी न्यू जर्सीत, आता अमेरिकन सिटिझन. पुढचं वादळ आलं तर कोकणातल्या आमच्या गावाला असा लांबचा फंड द्यायचाय. आमच्या गावाचं मुंबईत ग्रामविकास मंडळ आहे, त्यांच्या खात्यावर पाठवू का?
(वाचक, एडिसन)

उत्तर : नको, थांबा. तुम्ही सिटिझन झालात, तेव्हा ओसीआय कार्ड असलं तरी तुमचे पैसे परदेशी देणगी धरतात आणि घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, तिचं खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. गावच्या मंडळाकडे हे बहुतेक नसतंच. तुमच्या भावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतले बँकेतून पाठवले तर ते परदेशी देणगीत येत नाहीत, तो वेगळा रस्ता आहे, पण तुमचे पैसे त्याच्या नावाने पाठवण्याची हुशारी करू नका.

आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एफसीआरएवाली संस्था ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्यामुळे मोठ्या एनजीओला द्या आणि ती गावच्या मंडळाला देईल हाही मार्ग बंद. जी संस्था स्वतः गावात माणसं ठेवून काम करते आणि नोंदणीही आहे अशीच शोधावी लागेल. ती शोधायची वेळ आत्ता, मे महिन्यात वादळ किनाऱ्यावर आल्यावर नाही. तीन वर्षांचे हप्ते लेखी ठरवा, पहिला लहान ठेवा, आणि ऑफिसखर्चाला २० टक्क्यांपर्यंत परवानगी आहे तर ती द्या, वर ठाण्याच्या वाचकांना सांगितलंय तेच. तोवर गावच्या मंडळाला भारतातल्या सभासदांकडून जमा करू दे, त्याला यातलं काहीच आडवं येत नाही.